‘बुश’ म्हणजे नेमके काय? बियाण्याच्या पाकिटापासून पंपाच्या सुट्या भागापर्यंत एकाच शब्दाचे अनेक अर्थ

‘बुश’ या इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ झुडूप. शेतात मात्र हा शब्द अनेक ठिकाणी भेटतो. घेवड्याच्या बियाण्याच्या पाकिटावर ‘बुश टाइप’ असे छापलेले असते. कोकणातील रोपवाटिकेत ‘बुश पेपर’ची रोपे मिळतात. पंप दुरुस्त करणारा कारागीर ‘बुश गेला’ म्हणतो आणि गवत कापायच्या यंत्राला काही जण ‘बुश कटर’ म्हणतात. शब्द एकच वाटतो, पण प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा असतो. तो चुकीचा घेतला तर लागवडीचे अंतर चुकते, मांडवाचा खर्च वाया जातो किंवा नको ते रोप घरी येते.

या लेखात शेतकरी आणि कृषी विस्तार कार्यकर्ते यांना नेहमी भेटणारे या शब्दाचे अर्थ आणि प्रत्येक ठिकाणी काय तपासावे, याची माहिती दिली आहे.

पिकाच्या संदर्भात ‘बुश’ म्हणजे वाढीची सवय

वनस्पतिशास्त्रात झुडूप म्हणजे जमिनीलगत एकापेक्षा जास्त खोडे फुटणारी, झाडापेक्षा कमी उंचीची, कठीण खोडाची वनस्पती. करवंद, निर्गुडी, अडुळसा, जास्वंद, मेंदी ही ओळखीची झुडपे. डाळिंबही मुळात झुडूपच आहे.

बियाण्याच्या पाकिटावरचा ‘बुश’ मात्र या अर्थाचा नसतो. घेवडा किंवा चवळी हे हंगामी, मऊ खोडाचे पीक आहे. ते झुडूप नाही. तिथे ‘बुश’ म्हणजे रोप झुडपासारखे आटोपशीर वाढते, वेलासारखे चढत नाही, एवढेच सांगायचे असते.

हा फरक शेंड्यावर ठरतो. बहुतेक बुश जातींमध्ये मुख्य खोडाच्या शेंड्यावर फुलांचा गुच्छ येतो आणि तिथे खोडाची वाढ थांबते. याला मर्यादित वाढ म्हणतात. वेलवर्गीय जातींमध्ये शेंडा वाढतच राहतो, फुले पानांच्या बगलेत येतात आणि आधार मिळेल तिकडे वेल चढतो. याला अमर्यादित वाढ म्हणतात. या एका फरकामुळे पुढील गोष्टी बदलतात:

- लागवडीचे अंतर आणि बियाण्याचे प्रमाण
- मांडव, ताटी किंवा तार-बांबूची गरज
- पहिल्या तोडणीपर्यंतचे दिवस
- तोडणी किती दिवस चालते
- एका वेळी लागणारी मजुरांची संख्या

पाकिटावर बुश, ड्वार्फ, डिटरमिनेट यांपैकी शब्द असेल तर जात बहुधा झुडूपवजा असते. पोल, क्लायम्बिंग, इनडिटरमिनेट असे शब्द असतील तर जात वेलवर्गीय असते. मात्र ‘ड्वार्फ’ हा शब्द केवळ उंचीबद्दल बोलतो. त्यामुळे तो एकटाच असेल तर विक्रेत्याला ‘आधार लागतो का?’ असे थेट विचारावे.

श्रावण घेवडा: सर्वात जास्त गोंधळ इथेच

श्रावण घेवड्यात (फरसबी) दोन्ही प्रकार बाजारात असतात. कंटेंडर, पुसा पार्वती, अर्का कोमल, फुले सुरेखा या झुडूपवजा जाती आहेत. केंटुकी वंडर ही वेलवर्गीय जात आहे. दोन्हींच्या शेंगा दिसायला जवळपास सारख्या असल्याने शेंग पाहून जात ओळखता येत नाही.

झुडूपवजा घेवडा
- दोन ओळींत ३० ते ४५ सेंमी आणि दोन रोपांत १० ते १५ सेंमी अंतर ठेवावे.
- बियाणे एकरी साधारण २० ते ३० किलो लागते. दाणा मोठा असेल तर प्रमाण वाढते.
- आधाराची गरज नसते.
- पहिली तोडणी साधारण ४५ ते ५० दिवसांनी सुरू होते आणि दोन-चार तोड्यांत पीक संपते.

वेलवर्गीय घेवडा
- दोन ओळींत सुमारे १ मीटर आणि दोन रोपांत २० ते ३० सेंमी अंतर ठेवावे.
- बियाणे एकरी साधारण १० ते १२ किलो पुरते.
- ताटी किंवा तार-बांबूचा आधार आवश्यक असतो.
- पहिली तोडणी उशिरा येते, पण तोडणी जास्त दिवस चालते.

अंतर चुकल्यास काय होते, ते साध्या हिशोबाने पाहू. ४५ × १५ सेंमी अंतरावर एकरात सुमारे ६० हजार रोपे बसतात. १०० × ३० सेंमी अंतरावर सुमारे साडेतेरा हजारच बसतात. बुश जातीचे बियाणे वेलाच्या अंतरावर टोकले, तर रोपांची संख्या एक चतुर्थांशापेक्षाही कमी होते. बुश रोप वेलासारखे पसरून ती जागा भरून काढत नाही, त्यामुळे उत्पादनातील घट नंतर खते देऊन भरून येत नाही. उलट वेलाची जात दाट पेरली, तर वेल एकमेकांत गुंततात, खाली हवा खेळत नाही, शेंगा मातीला टेकून सडतात आणि फवारणी आतपर्यंत पोहोचत नाही.

बुश जात निवडण्याचे कारण केवळ मांडवाचा खर्च वाचवणे एवढेच नसते. माल एकदम निघतो, त्यामुळे ठरावीक आठवड्याचा बाजार पकडता येतो आणि शेत लवकर मोकळे होते. पण माल एकदम निघतो म्हणजे त्याच आठवड्यात मजूर मिळायला हवेत. शेंग दोन-तीन दिवस जास्त राहिली तरी ती जून होते आणि भाव पडतो. घरचीच दोन-तीन माणसे तोडणीला असतील, तर संपूर्ण क्षेत्र एका दिवशी न पेरता ८ ते १० दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरावे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. घेवडा शेंगवर्गीय असला तरी त्याच्या मुळांवरील गाठी इतर कडधान्यांच्या मानाने कमी कार्यक्षम असतात. बुश जातीचा हंगाम आधीच थोडक्या दिवसांचा असतो. त्यामुळे ‘कडधान्य आहे, नत्र कशाला’ असे समजू नये. माती परीक्षणानुसार नत्राचा पहिला हप्ता पेरणीच्या वेळीच द्यावा.

वाल आणि चवळी: ‘बुश’सोबत दिवसमानही पाहावे

वालामध्ये ‘बुश’ या शब्दामागे आणखी एक गुण लपलेला असतो. मांडवावर चढणाऱ्या अनेक स्थानिक वालांना फुले येण्यासाठी दिवस लहान व्हावे लागतात. जूनमध्ये लावलेला वेल पावसाळाभर नुसता वाढतो आणि दिवस लहान झाल्यावर फुलतो. अर्का जय आणि अर्का विजय या बुश जाती मात्र दिवसमानाला संवेदनशील नाहीत, त्यामुळे पाण्याची सोय असेल तर त्यांची लागवड इतर हंगामांतही करता येते. कोकणासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दिलेली कोकण भूषण ही जातही बुटकी आणि लवकर येणारी आहे.

प्रत्येक बुटका वाल बाराही महिने फुलेलच असे मात्र समजू नये. वाढीची सवय आणि दिवसमानाची संवेदनशीलता हे दोन वेगळे गुण आहेत. म्हणून बियाणे घेताना दोन प्रश्न विचारावेत: ‘आधार लागतो का?’ आणि ‘कोणत्या हंगामात फुलते?’

भाजीच्या चवळीत पुसा कोमल ही झुडूपवजा जात आहे. हातभर लांब शेंगांची चवळी मात्र वेलवर्गीय असते; तिला आधार द्यावाच लागतो.

वेलवर्गीय भाज्यांत झुकिनी हे बुश वाढीचे चांगले उदाहरण आहे. लाल भोपळ्याचा वेल जमिनीवर दूरवर पसरतो, पण त्याच कुळातील झुकिनी एकाच जागी गुच्छासारखी वाढते. त्यामुळे तिचे अंतर कमी ठेवता येते आणि गादीवाफ्यावर ठिबकसोबत ती सोयीची ठरते.

‘बुश’ म्हणजे ‘आधार नको’ असे नेहमीच नसते

टोमॅटोमध्ये मर्यादित वाढीच्या जातींना बुश टोमॅटो म्हणतात. परदेशी पुस्तकांत अशा जातींना आधाराची गरज नाही असे लिहिलेले आढळते. तिथला सल्ला बऱ्याचदा प्रक्रियेसाठी यंत्राने एकदम काढल्या जाणाऱ्या पिकाचा असतो. आपल्याकडे टोमॅटो ताजा विकायचा असतो आणि खरिपात जमीन ओली असते. फळ मातीला टेकले की डाग पडतो, सड लागते आणि क्रेटमधील माल परत येतो. म्हणून झुडूपवजा जातींनाही तार, बांबू आणि सुतळीचा आधार देणे फायद्याचे ठरते. अमर्यादित वाढीच्या जातींना मात्र, विशेषतः पॉलिहाऊसमध्ये, उंच दोरीचा आधार आणि बगलफुटी काढणे ही कामे हंगामभर करावी लागतात. मर्यादित वाढीच्या जातीत अशी सरसकट बगलफूट काढू नये; त्या फुटींवरच फळे लागतात.

तुरीतही हाच नियम कामाला येतो. आशा (आयसीपीएल ८७११९) ही अमर्यादित वाढीची, फांद्या पसरवणारी जात आहे. अशा जातीत शेंडे खुडल्यावर बगलेच्या फांद्या वाढतात. आयसीपीएल ८७ ही मर्यादित वाढीची जात आहे. तिच्या शेंड्यावरच फुलांचे आणि शेंगांचे झुपके येतात. अशा जातीत आशेप्रमाणे शेंडे खुडणी करू नये. जात न पाहता सगळ्या तुरीला एकच सल्ला देणे म्हणूनच योग्य नाही.

भुईमुगात तर आपल्याकडे यासाठी जुने मराठी शब्द आहेत: उपटी, निमपसरी आणि पसरी. एसबी ११ उपटी, टीएमव्ही १० निमपसरी आणि कराड ४-११ पसरी. उपटी जातीला इंग्रजीत ‘बंच’ म्हणतात आणि काही पुस्तकांत तिलाच ‘बुश’ असेही लिहिलेले असते. उपटी जात ३० × १० सेंमीवर पेरतात, पसरी जातीला ४५ सेंमीच्या ओळी लागतात. उपटी जातीच्या शेंगा झुबक्याने बुंध्याजवळ लागतात, म्हणून रोप उपटून काढणी करता येते. मात्र बहुतेक उपटी जातींच्या दाण्याला सुप्तावस्था नसते. काढणी लांबली आणि पाऊस आला, तर दाणे शेंगेतच उगवतात. पाकिटावर वाढीची सवय छापलेली असते; काढणीच्या वेळेचा हा धोका बहुधा छापलेला नसतो.

बियाणे चुकीचे निघाले तर काय करावे?

- शंका असेल तर मुख्य पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी दहा-बारा दाणे कुंडीत किंवा बांधावर टोकून पाहावेत. वेलाच्या जातीत काही पाने आल्यावर शेंडा लांबतो, पेरे लांब पडतात आणि शेंडा आधाराभोवती वळू लागतो. बुश जातीत पेरे आखूड राहतात आणि रोप बुंध्यापासून भरते.
- दाट पेरलेले रोप वेलाचे निघाले तर लवकर विरळणी करावी. एक आड एक ओळ मोकळी करून उरलेल्या ओळींवर जाळी किंवा सुतळी लावावी.
- मांडवाखाली टोकलेले बियाणे बुश निघाले तर आठ-दहा दिवसांच्या आत नांगे भरताना मधल्या जागेत त्याच जातीचे बियाणे टोकावे. उशीर झाला असेल तर मधल्या पट्ट्यात मेथी किंवा कोथिंबीर घ्यावी.
- पाकीट, लॉट क्रमांक असलेली चिठ्ठी, पक्के बिल आणि थोडे बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवावे. पाकिटावर एक प्रकार आणि शेतात दुसरा असेल, तर पीक उभे असतानाच तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार करावी. तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीला पाहणीसाठी उभे पीक लागते. पीक काढल्यावर केलेल्या तक्रारीत सिद्ध करण्यासारखे काही उरत नाही.

झुडूप मिरी (बुश पेपर): ही जात नाही, रोप करण्याची पद्धत आहे

काळी मिरी हा वेल आहे. नारळ, सुपारी किंवा पांगाऱ्याच्या आधाराने तो चढतो. ‘बुश पेपर’ ऐकून मिरीची एखादी बुटकी जात असावी असे अनेकांना वाटते. तसे नाही. पन्नियूर-१ सारख्या वेलाच्या जातीपासूनच झुडूप मिरी तयार करता येते. रोप कोणत्या फांदीपासून केले, यावर ते वेल होणार की झुडूप हे ठरते.

मिरीच्या वेलावर मुख्यतः तीन प्रकारच्या फांद्या असतात:
- आधाराला चिकटून वर चढणारी मुख्य फांदी. हिच्या प्रत्येक पेऱ्यावर चिकटून राहणारी मुळे असतात.
- बुंध्यातून निघून जमिनीवर सरपटणारी फांदी. वेलाची रोपे बहुधा हिच्यापासून करतात.
- बाजूला आडवी वाढणारी फळफांदी. मिरीचे घोस हिच्यावरच येतात. हिच्या पेऱ्यांवर चिकटणारी मुळे नसतात.

आडव्या फळफांदीचे तीन ते पाच पेऱ्यांचे छाट लावले, तर त्यातून आलेले रोप चढत नाही. आडव्या फांद्या फोडत झुडपासारखे राहते आणि लवकर घोस देते. मात्र या छाटांना मुळे फुटण्याचे प्रमाण सरपटणाऱ्या फांदीपेक्षा कमी असते, म्हणून ही रोपे महाग असतात. याच कारणामुळे फसवणुकीला जागा राहते. साधे वेलाचे रोप झुडूप मिरी म्हणून घेतले गेले, तर चूक लक्षात येईपर्यंत एक हंगाम जातो.

रोप घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात:
- रोपाला आडव्या, किंचित नागमोडी फांद्या असाव्यात. नव्या वाढीच्या पेऱ्यांवर चिकटणारी मुळे दिसली तर ते वेलाचे रोप समजावे.
- पानाच्या समोर लहान घोस येऊ लागला असेल तर ओळख अधिक खात्रीची होते.
- कोलुब्रिनम या रानमिरीच्या खुंटावर कलम केलेले रोप असेल, तर मूळकुज आणि बुंधाकुजीला ते जास्त तग धरते. मात्र कलमाच्या खाली खुंटाला फुटलेले धुमारे वेळोवेळी काढावेत.

झुडूप मिरी कुंडीत, परसात किंवा नारळ-सुपारीच्या बागेत अर्धसावलीत घेता येते. पाणी साचू देऊ नये. झुडपातून एखादी उभी चढणारी फांदी निघाली तर ती बुंध्याशी कापावी. उंचावर चढून काढणी करावी लागत नाही, हा झुडूप मिरीचा मोठा फायदा आहे. घरातील ज्येष्ठ मंडळी आणि महिलाही उभ्या उभ्या घोस तोडू शकतात. तरीही बागेतील उंच आधारांवर वेल चढवलेला असेल, तर तो काढून झुडूप मिरी लावू नये. नारळ-सुपारीच्या खोडावरची उभी जागा वेलच वापरतो. झुडूप मिरी खालच्या मोकळ्या जागेसाठी आहे.

फळबागेत झुडूप पद्धत: डाळिंबाचे उदाहरण

डाळिंबाच्या बुंध्यातून सतत फुटवे येतात. त्यातील एकच खोड ठेवून झाड वाढवणे ही एकखोड पद्धत आणि तीन-चार खोडे ठेवणे ही बहुखोड किंवा झुडूप पद्धत. महाराष्ट्रात बहुखोड पद्धत रूढ आहे आणि तिला व्यावहारिक कारण आहे. खोडकिडीने एखादे खोड गेले तर ते कापून उरलेल्या खोडांवर बाग चालू ठेवता येते. एकच खोड असेल तर पूर्ण झाड जाते. मर रोगाचे मात्र तसे नाही. तो मुळांतून येतो, त्यामुळे जास्त खोडे ठेवून मर रोगापासून संरक्षण मिळत नाही.

बहुखोड म्हणजे वाटेल तितकी खोडे नव्हे. निवडलेली तीन-चार जोमदार खोडे चारी बाजूंना ठेवावीत आणि बाकीचे फुटवे लहान असतानाच काढावेत. जोमाने सरळ वाढणारे पाणसोटही काढावेत. झुडूप आतून गच्च झाले तर ऊन आणि हवा आत जात नाही, फवारा पोहोचत नाही आणि तेलकट डाग तसेच बुरशीजन्य रोगांना पोषक वातावरण तयार होते.

यंत्रातला बुश: नाव तेच, मूळ वेगळे

पंपाच्या किंवा ट्रॅक्टरच्या बुशचा झुडपाशी काहीही संबंध नाही. हा शब्द डच भाषेतील डबी या अर्थाच्या शब्दावरून आला. उच्चार सारखा झाल्याने तो झुडपाच्या शब्दासारखा वाटतो.

बुश म्हणजे फिरणारा दांडा आणि त्याला धरणारा भाग यांच्यामध्ये बसवलेली पोकळ नळी. ती गनमेटल, पितळ, नायलॉन किंवा रबराची असते. दांडा महाग, बुश स्वस्त. घासून झिजायचे ते बुशने झिजावे आणि दांडा वाचावा, यासाठीच तो असतो. म्हणून ‘बुश गेला’ हे ऐकून घाबरू नये; पण गेलेला बुश तसाच चालवला तर पुढे दांडा, सील आणि मोटर यांवर खर्च येतो.

- पाणबुडी (सबमर्सिबल) पंपात बुशला वंगण पाण्याचेच असते. बोअरचे पाणी खाली जाऊन पंप कोरडा चालला, तर बुश काही वेळातच जळतो. कोरडे चालणे टाळणारे संरक्षण स्टार्टर पॅनेलमध्ये बसवावे. पाण्याने भरायची मोटर असेल तर ती खाली सोडण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने पूर्ण भरावी.
- पाण्यात वाळू येत असेल तर बुश लवकर झिजतो. थरथर वाढणे, पाणी कमी पडणे आणि अॅमीटरचा आकडा नेहमीपेक्षा वाढणे ही लक्षणे दिसताच पंप तपासावा.
- ट्रॅक्टरचे पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. चाकात खेळ जाणवला तर किंग पिनचे बुश किंवा चाकाचे बेअरिंग तपासून घ्यावे. ग्रीस निपलमधून पुस्तिकेत दिलेल्या तासांनी ग्रीस भरावे. रबरी बुशला मात्र ग्रीस किंवा तेल लावू नये. रबर फुगून खराब होते.
- नवा बुश घेताना जुना बुश आणि यंत्राचे मॉडेल सोबत न्यावे. आतील व्यास, बाहेरील व्यास आणि लांबी ही तिन्ही मापे जुळली पाहिजेत.

डीपीवरील ‘बुशिंग’ याच कुळातले आहे. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीतून तार बाहेर येते तिथे बसवलेला चिनी मातीचा भाग म्हणजे बुशिंग. तो तडकला किंवा तिथून तेल गळू लागले, तर स्वतः हात लावू नये; वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यांना कळवावे.

बुश कटर की ब्रश कटर?

यंत्राचे खरे नाव ब्रश कटर. इंग्रजीत ‘ब्रश’ या शब्दाचाही एक अर्थ झाडोरा असा आहे, म्हणून ‘बुश कटर’ म्हटले तरी अर्थ बिघडत नाही. यंत्र घेताना मात्र पाते पाहावे. मऊ गवताला नायलॉनची दोरी, जाड गवत आणि झुडपाला धातूचे पाते आणि कठीण लाकडी खोडाला करवतीसारखे गोल पाते लागते. चालू यंत्रापासून इतरांना किमान १५ मीटर लांब ठेवावे. चष्मा आणि बूट घातल्याशिवाय काम करू नये. उडालेला खडा डोळ्यावर येतो.

टणटणी (घाणेरी) नुसती कापली तर पुन्हा फुटते. पावसानंतर जमीन मऊ असताना ती मुळासकट काढावी. कापलेला पाला जनावरांपुढे टाकू नये. टणटणी खाल्लेल्या जनावराच्या यकृतावर परिणाम होतो आणि उन्हात गेल्यावर त्वचा लाल होऊन सोलते. असे लक्षण दिसल्यास जनावर सावलीत बांधून पशुवैद्यकाला बोलवावे.

जमिनीच्या कागदावरचे ‘झुडपी जंगल’

पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत झुडूप हा शब्द महसुली नोंदींतही येतो. खुरटी झुडपे असलेल्या, बहुधा हलक्या जमिनींची नोंद तिथे ‘झुडपी जंगल’ अशी झाली. प्रत्यक्षात तिथे दाट जंगल दिसत नाही, म्हणून ही मोकळी पडीक जमीन आहे असा समज होतो.

सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात, १२ डिसेंबर १९९६ च्या आपल्या आदेशाच्या अनुषंगाने, झुडपी जंगल जमिनी वन मानल्या जातील असे स्पष्ट केले. त्या तारखेपूर्वी इतर वापरासाठी दिलेल्या जमिनींबाबत राज्य शासनाने केंद्राची मंजुरी घेण्याचा मार्ग निकालात आहे. त्यामुळे या जिल्ह्यांत जमीन घेताना किंवा वहिवाटीत आणताना जुन्या नोंदी, सातबारा आणि निस्तार पत्रक पाहून महसूल आणि वन अशा दोन्ही कार्यालयांत खात्री करावी. नोंद झुडपी जंगलाची असेल तर केवळ ‘झुडपेच तर आहेत’ म्हणून सफाई किंवा नांगरट करू नये.

इंग्रजी साहित्य वाचताना

विस्तार कार्यकर्त्यांना परदेशी लेखांत हा शब्द आणखी वेगळ्या अर्थाने भेटतो. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि आफ्रिकेत ‘बुश’ म्हणजे रान किंवा वस्तीपासून दूरचा मुलूख.

न्यूझीलंडमध्ये ‘बुश सिकनेस’ नावाचा आजार होता. ज्वालामुखीच्या राखेच्या हलक्या जमिनीवर चरणारी मेंढरे आणि गुरे चारा असूनही खंगत जात. आजार रानाचा वाटत होता, पण कारण होते मातीतील कोबाल्टची कमतरता. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणू कोबाल्टपासून बी-१२ जीवनसत्त्व तयार करतात. कोबाल्ट नसेल तर ते तयार होत नाही. १९३० च्या दशकात हे कारण उलगडले. आपल्यासाठी धडा एवढाच की, भरपूर चारा असूनही जनावर खंगत असेल तर जंतांसोबत खनिजांचाही विचार करावा आणि खनिज मिश्रण नियमित द्यावे.

‘बुशेल’ हा शब्दही दिसायला जवळचा, पण वेगळ्या मुळाचा. ते अमेरिकेतील धान्य मोजण्याचे माप आहे. सोयाबीन आणि गव्हाचा एक बुशेल म्हणजे सुमारे २७.२ किलो, मक्याचा सुमारे २५.४ किलो. शिकागो बाजारातील सोयाबीनचा दर सेंट प्रति बुशेल असतो. दर १,००० सेंट असेल तर तो १० डॉलर प्रति बुशेल, म्हणजे सुमारे ३६.७ डॉलर प्रति क्विंटल. त्याला त्या दिवशीच्या डॉलरच्या दराने गुणावे. येणारा आकडा हा तिथला दर आहे. वाहतूक, आयात शुल्क आणि मालाची प्रत यांमुळे आपल्या बाजार समितीतील दर वेगळा असतो.

थोडक्यात लक्षात ठेवावे

- बियाण्यावर ‘बुश’: वाढीची सवय. अंतर, आधार आणि हंगाम हे तीन प्रश्न विचारूनच घ्यावे.
- टोमॅटोत ‘बुश’: शेंडा मर्यादित, पण आधार द्यावा.
- मिरीत ‘बुश’: आडव्या फळफांदीपासून केलेले रोप. पेऱ्यावरील मुळे तपासावीत.
- डाळिंबात झुडूप पद्धत: तीन-चार खोडे, जास्त नाही.
- यंत्रात ‘बुश’: झिजण्यासाठीच बसवलेला भाग. वेळेवर बदलावा.
- सातबारावर ‘झुडपी जंगल’: आधी नोंदीची खात्री, मग व्यवहार.

दुकानदार, रोपवाटिकाधारक किंवा कारागीर ‘बुश’ म्हणाला की ‘म्हणजे नेमके काय?’ हे विचारण्यात संकोच करू नये. पेरणीनंतर चुकीच्या अंतराचे नुकसान भरून काढणे अवघड असते.